अकरा थांबे

मी उशा शिवते. झोपायच्या नव्हेत. ऑपरेशनमध्ये ज्यांचा स्तन काढतात त्या बायकांनी आतल्या कपड्यात घालायच्या, तळहातावर मावतील अशा उशा. मागून सपाट, पुढून गोल, आत मऊ कापूस आणि तळाशी काचेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा. मणी वजनासाठी. नुसता कापूस भरला तर ती बाजू हलकी पडते, बाई नकळत एका अंगाला कलायला लागते आणि सहा महिन्यांत पाठ धरते. हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या दहा-बारा बायकांच्या पाठदुखीनं शिकवलं. आता मी काट्यावर तोलून मणी घालते आणि माझी उशी घातलेल्या बाईची कोणती बाजू खरी हे तिच्या शेजारणीलासुद्धा ओळखता येत नाही. स्वतःची टिमकी वाजवते आहे, पण खोटं सांगत नाही.

औषधांच्या दुकानामागे माझी एक खोली आहे. शिलाई मशीन, उभा आरसा, माप घ्यायला पडदा, आणि खिडकीजवळ चिठ्ठ्या खोचायच्या दोन तारा. आमच्या शहरात मोठी हॉस्पिटलं दोनच. एक चढावरचं, जुनं, त्याची चिठ्ठी पांढरी. दुसरं खाली नदीपाशी, त्याची चिठ्ठी पिवळी. चिठ्ठीवर डावं की उजवं, ऑपरेशनची तारीख आणि खाली सही. वरच्या हॉस्पिटलची पद्धत अशी की ऑपरेशनचा दिवस ठरला की बाईच्या हातात तीन कागद एकदमच द्यायचे. एक रक्त तपासायचा, एक भूल देणाऱ्या डॉक्टरांचा आणि तिसरा माझा. बाई आधीच येऊन माप देऊन जायची, म्हणजे घरी सोडतात त्या दिवशी नुसत्या कापसाची पहिली उशी तयार. जखम भरल्यावर मण्यांची. मला ही पद्धत फार आवडायची. किती शिस्तीचे लोक, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

पांढरी तार कायम भरलेली असायची आणि पिवळीवर चार-दोन चिठ्ठ्या. याचं कारण मी माझ्यापुरतं कधीच ठरवून टाकलं होतं. चढावरच्या वस्तीतल्या बायका दुखणं अंगावर काढतात, गाठ लिंबाएवढी होईपर्यंत कुणाला दाखवत नाहीत, मग डॉक्टर तरी काय करतील? आणि मला हे ठाऊक असल्यामुळे मी त्यांना झापायचे. अकरा वर्षं, टेप छातीभोवती गुंडाळता गुंडाळता. घरची धुणी आधी उरकत होतीस का? नवऱ्याला सर्दी झाली तर लगेच नेतेस ना दवाखान्यात? बायका गप्प ऐकून घ्यायच्या. टेप माझ्या हातात, अंगावर धड कपडा नाही, त्या काय बोलणार. एक शाळेतली बाई मात्र म्हणाली होती, "माझी वाटाण्याएवढीच होती हो." मी तिला म्हटलं, वाटाण्याचा वेल मांडवावर चढेपर्यंत थांबला असाल. मला वाटलं मी विनोद केला. ती हसलीसुद्धा.

माझी नणंद माझ्याहून आठ वर्षांनी लहान. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरला नाही. पुढे ती बसची ड्रायव्हर झाली आणि फिरण्याचीच नोकरी लागली. तिची बस वरच्या हॉस्पिटलच्या फाटकापासून निघते आणि नदीपाशी, खालच्या हॉस्पिटलसमोर थांबते. मधे अकरा थांबे. वीस वर्षं ती ह्या दोन फाटकांच्या मधे येरझाऱ्या घालते आहे.

एका मंगळवारी दुपारी ती खोलीत आली. अंगात खाकी शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. बसली नाही. खिशातून पांढरी चिठ्ठी काढून मशीनवर ठेवली आणि म्हणाली, "घे माप. पण कापूस चांगला घाल, घरचं गिऱ्हाईक आहे."

मी चिठ्ठी उलट केली, सुलट केली. डावं. पुढच्या गुरुवारची तारीख. माझ्या तोंडात नेहमीचं वाक्य तयारच होतं, अकरा वर्षांची सवय. उशीर का केलास. ते मी बोलणार तेवढ्यात तिनं सांगितलं की ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी असते तिथे गाठ सापडली, तिच्या हाताला कधी लागलीच नव्हती. किती मोठी? कागदावर लिहिलं होतं, बारा मिलिमीटर. मी टेप उघडून बारा बारीक रेघा मोजल्या आणि तिथे अंगठा ठेवला. वाटाणाच तो, जरा टपोरा. तपासणीपासून ऑपरेशनच्या तारखेपर्यंत तीन आठवडेसुद्धा होत नव्हते. हिला झापायला मला जागाच सापडेना.

डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. म्हणाले, काढून टाकू म्हणजे काळजी नाही. दुसरं काही? दुसरं काय असतं, ती म्हणाली. डॉक्टर चांगले आहेत, पाच मिनिटं बोलले, पाठीवर हात ठेवला आणि तीन कागद दिले. मग ती स्टुलावर बसली, आणि ही बाई कधी बसत नाही.

"मला नको आहे हे, वहिनी," ती म्हणाली. "पण नको म्हणायचा कागद त्या तिन्हीत नव्हता."

मी माप घेतलं नाही. टेप हरवली म्हणाले, जी माझ्या गळ्यातच होती. तिनंही बघून न बघितल्यासारखं केलं आणि ड्यूटीवर गेली.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि दोन्ही तारा खाली उतरवल्या. एका वर्षाच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. पांढऱ्या अठ्ठावन्न, पिवळ्या सात. चिठ्ठीवर गाठ केवढी ते लिहिलेलं नसतं, पण बायका मापाच्या वेळी सांगतात आणि माझ्या लक्षात राहतं. एकेक चिठ्ठी हातात घेऊन मी आठवत गेले. हिची लिंबाएवढी होती, खरं आहे. हिच्या दोन-तीन ठिकाणी होत्या. पण ही म्हणाली होती शेंगदाणा. ही म्हणाली होती, डॉक्टरांनासुद्धा शोधावी लागली. आणि ही शाळेतली बाई, वाटाणा. त्या सगळ्या मला खरं सांगत होत्या आणि मी त्यांना उशिरा आल्याबद्दल बोल लावत होते. माझे कान गरम झाले. कुणी समोर नसताना इतकी शरम वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी घरी हे म्हणाले, तू डॉक्टरांशी वाद घालू नकोस. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन त्याच डॉक्टरांनी केलेलं, त्यामुळे ह्यांच्या लेखी ते देवमाणूस. मी म्हटलं, वाद नाही घालणार, विचारणार आहे. हे म्हणाले, तुझ्या विचारण्यात आणि भांडणात फरक काय असतो ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. आणि ते खरं आहे.

शुक्रवारी भिंगरीची सुट्टी होती. आम्ही तिचे रिपोर्ट घेऊन तिच्याच बसमधून खाली गेलो. बदली ड्रायव्हर वळणावर ब्रेक दाबायचा तेव्हा तिचाही पाय फरशी दाबत होता. खालच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण होती, केस आखूड, बोलणं सावकाश. तिनं सगळे फोटो दिव्यावर लावून बघितले, भिंगरीला तपासलं आणि कागदावर एक गोल काढला. गोलात एक ठिपका आणि ठिपक्याभोवती छोटी कड. एवढंच काढायचं, म्हणाली. आजार तिथवर पसरलाय का ते बघायला काखेतल्या एक-दोन गाठी काढून तपासायच्या. मग काही आठवडे रोज रेडिएशन घ्यायला यायचं, सुट्टीचे दिवस सोडून. कडेला काही राहिलं असं रिपोर्टात आलं तर पुन्हा एक छोटं ऑपरेशन लागू शकतं. दुसरा मार्ग म्हणजे सगळं काढायचं, मग तुमच्यासारखीला बहुतेक रेडिएशन लागणार नाही. जगण्याच्या हिशेबानं दोन्ही सारखे. निवड तुमची.

भिंगरीनं विचारलं, दोन्ही सारखे म्हणजे खरंच सारखे? डॉक्टरीण म्हणाली, खरंच सारखे, पण रेडिएशन चुकवायचं नाही ह्या अटीवर.

मग मी विचारलं की ह्या हॉस्पिटलात ह्या आजाराच्या बायका येतात तरी किती. मला वाटत होतं वरच्यापेक्षा कितीतरी कमी येत असतील. ती म्हणाली, साधारण तेवढ्याच. शहर एकच आहे ना. तेवढ्याच बायका, तोच आजार, आणि अठ्ठावन्न विरुद्ध सात. मी तिला विचारलं की मग वरचे डॉक्टर चूक करतात का. तिनं पेन खाली ठेवलं. ते करतात ते ऑपरेशन चुकीचं नाही, म्हणाली, पण दोन सांगायला हवीत तिथे एकच सांगितलं जातंय. का, ते तुम्ही त्यांनाच विचारा.

बाहेर आल्यावर मी लगेच म्हटलं, इथेच तारीख घेऊ. भिंगरी थांब्यावरच्या बाकावर बसली आणि शर्टाची बाही दुमडायला लागली.

"नाही," ती म्हणाली. "मी खाली आले तर माझं काम होईल. वरची तार मात्र तशीच भरत राहील. आणि तूच सांगतेस ना, वरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या टाक्यांसारखे टाके शहरात कुणाचे नाहीत?"

ते मीच सांगितलं होतं. बायका वर्षाला नवी उशी घ्यायला येतात, तेव्हा व्रण मला दिसतो. वरच्या डॉक्टरांची शिवण मी पाठमोरी ओळखेन. सरळ, बारीक, कुठे सुरकुती नाही, ताण नाही. शिवणारीला दुसऱ्याची शिवण कळते. त्या शिवणीमुळेच अकरा वर्षं माझ्या मनात कधी शंका आली नाही.

सोमवारी आम्ही वर गेलो. भिंगरीच्या हातात तिची चिठ्ठी, माझ्या पिशवीत पांढरी तार, चिठ्ठ्यांसकट. डॉक्टरांचं वय साठीच्या पुढचं, चष्मा कपाळावर, टेबलावर फायली इतक्या की पलीकडून त्यांची हनुवटी दिसत नव्हती. भिंगरीनं मला दारातच बजावलं होतं की आधी ती बोलणार, आणि मी तोंडाला कुलूप घालायचं. तिनं पांढरी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि सरकवून त्यांच्याकडे दिली. ही परत घ्या, म्हणाली. मला फक्त गाठ आणि कड काढून हवी आहे. रेडिएशनला मी रोज जाईन. गाठ एकच आहे, लहान आहे, चालण्यासारखं आहे असं मी विचारून आले आहे. तुमचं वेगळं मत असेल तर कारण सांगा, मी ऐकते.

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. रागावले नाहीत. रिपोर्ट पुन्हा बघितले, मिनिटभर. मग म्हणाले की चालण्यासारखं आहे.

"तुम्हाला ते ऑपरेशन येतं ना?" भिंगरीनं विचारलं.

ह्यानं मात्र ते दुखावले. येतं, म्हणाले, तुम्ही बस शिकायच्या आधीपासून येतं. आणि मग त्यांनी आपणहून सांगितलं. पूर्वी रेडिएशनचं मशीन ह्या शहरात नव्हतं. रात्रभर प्रवास करून दुसऱ्या शहरात जायचं, तिथे दीड महिना राहायचं. कोण जाणार? त्यांनी तरुणपणी एका पाठोपाठ तीन बायकांची नुसती गाठ काढली. तिघी रेडिएशनला जाते म्हणाल्या. एक आठ दिवसांत परतली, दोघी गेल्याच नाहीत. दोन वर्षांत तिघींना गाठ पुन्हा आली आणि दोघी दगावल्या. त्यानंतर त्यांनी ठरवलं की सगळंच काढायचं. बाई जिवंत तर राहील. कागद एकदमच हातात द्यायची पद्धत तेव्हाची, माझा तिसरा त्यात पुढे आला. त्या दोघींची नावं त्यांनी सांगितली नाहीत, पण ती त्यांना पाठ असावीत असं मला वाटलं.

"आणि खाली मशीन आलं त्याला किती वर्षं झाली?" आता मी बोलले. भिंगरीनं माझ्याकडे बघितलं, पण मी थांबणाऱ्यातली नव्हे.

"चार," डॉक्टर म्हणाले.

मी पिशवीतून तार काढली आणि त्यांच्या फायलींवर ठेवली. अठ्ठावन्न, म्हटलं, एका वर्षाच्या. खालच्या हॉस्पिटलच्या सात. मशीन अकरा थांब्यांवर आहे, दर दहा मिनिटांनी बस आहे, आणि ती चालवणारी ही समोर बसली आहे. ह्यातल्या किती जणींना तुम्ही दोन्ही सांगितलंत?

ते चिठ्ठ्या एकेक करून बाजूला सरकवत राहिले. सगळ्यांवर त्यांचीच सही. मला वाटलं आता ते आम्हाला बाहेर काढतील, आणि त्याची माझी तयारी होती.

"कुणी तक्रार केली नाही," ते शेवटी म्हणाले. "खरं सांगू? तुमच्या उशा इतक्या चांगल्या असतात की बायका पुन्हा तपासायला येतात तेव्हा कोणती बाजू ते मलासुद्धा फाईल बघितल्याशिवाय कळत नाही. मला वाटायचं, फारसं काही बिघडत नाही त्यांचं."

अकरा वर्षं मी त्यांच्या तोंडून एका कौतुकाच्या शब्दाची वाट बघत होते. तो मिळाला आणि माझं तोंड कडू झालं. मी मणी तोलून घालत होते आणि तिकडे डॉक्टरांना वाटत होतं बायकांचं काही गेलंच नाही. मला रडू आलं, रागाचं की कसलं ते सांगता येणार नाही. पण रडत बसायला मी तिथे गेले नव्हते. मी डोळे पुसले आणि सांगून टाकलं की आजपासून ऑपरेशनच्या आधी आलेली अशी नुसती चिठ्ठी मी घेणार नाही. बाईला दोन्ही मार्ग सांगितले, तिनं स्वतः हा निवडला किंवा तिला हाच लागू होता, असं चिठ्ठीवर लिहून खाली तिची सही असेल तरच मी टेप हातात घेईन. नसेल तर मी तिला बसमध्ये बसवून खाली पाठवीन.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही शिवणार नाही तर त्या बायकांनी काय करायचं? मी म्हटलं, शिवीन हो, कुणाला उघडी टाकणार नाही, पण तुमची झोप उडवीन. भिंगरीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

त्यांनी गुरुवारची यादी पुढे ओढली. भिंगरीच्या नावापुढे छापील अक्षरात एकच ऑपरेशन होतं. ते त्यांनी खोडलं आणि शेजारी हातानं दुसरं लिहिलं, सावकाश, अक्षर लावत. मग विचारलं, ती तार इथे ठेवता का काही दिवस? मी ठेवली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, कडा स्वच्छ, काखेत काही नाही. ते आठ दिवस माझ्या डोक्यात एकच. ही मी घालून दिलेली वाट, आणि उलट काही निघालं तर हे मला जन्मभर ऐकवतील आणि मी ऐकून घेईन. भिंगरी मात्र बदली ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडण्यात दंग होती. जखम भरल्यावर रेडिएशन सुरू झालं. ती रोज पहिल्या थांब्यावर चढायची, ड्रायव्हरच्या मागची जागा पकडायची आणि अकरा थांबे त्याला शिकवत जायची. एकही दिवस चुकवला नाही. शेवटच्या दिवशी त्या ड्रायव्हरनं फाटकात हात जोडले म्हणे, आता तुमची बस तुम्हीच घ्या.

पांढऱ्या चिठ्ठ्या अजून येतात. पहिले दोन महिने जुन्याच आल्या, मी परत पाठवल्या, पुन्हा आल्या, पुन्हा पाठवल्या. मग एक दिवस खाली दोन ओळी वाढलेली नवी चिठ्ठी आली आणि त्याखाली बाईची सही. त्या बाईनं दोन्ही नीट ऐकून सगळं काढायचंच ठरवलं होतं. मला रोज मनात धाकधूक नको, म्हणाली. मी तिला एक शब्द बोलले नाही, उलट तिच्या उशीला दुप्पट वेळ दिला. तार आता निम्मीसुद्धा भरत नाही. माझं काम कमी झालं त्याचं मला काही वाटत नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. गेल्या महिन्यात शाळेतली बाई नवी उशी घ्यायला आली. वर्षाला उशी बदलावी लागते, कापूस बसतो. ती पडद्यामागे गेली, मी टेप घेऊन गेले आणि माझे हात थांबले. हे मला प्रत्येकीला सांगायचं आहे, जशी जशी येईल तशी, आणि पहिली हीच आली होती. बोलायला कुठून सुरुवात करावी हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

"तुम्ही उशीर केला नव्हता," मी म्हटलं. "मी तुम्हाला उगाच बोलले. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. माझ्या बोलण्याला दुसराही एक अर्थ होता, की कदाचित हे सगळं करावंच लागलं नसतं, आणि तो तिला कळला असं मला दिसलं. तिनं डोळे मिटले, उघडले. मग हात वर केले, टेप मागून नेता यावी म्हणून.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं."